भरल्या पोटाचं माप

रविवारी भर दुपारी मास्तरांनी घरात फर्मान काढलं, "उपाशी पोटी कुणीही गाडीत बसायचं नाही. आधी पोटभर जेवा, मग खाली या. अर्धपोटी उठून मला फसवायला जाऊ नका, मला बरोबर कळतं."

गाडी कुठेही जाणार नव्हती. गाडीचं फक्त माप घ्यायचं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. तीस वर्षं त्यांच्या गळ्यात टेप होती. काही लोक चष्मा लावून झोपी जातात, तसे मास्तर टेपेसकट झोपी जात. त्यांच्या धंद्याचा एकच मंत्र होता : माप नेहमी भरल्या पोटी घ्यायचं. दुकानात आलेलं गिऱ्हाईक पोट आत ओढून, श्वास कोंडून पुतळ्यासारखं उभं राहतं. त्या मापाने कपडा शिवला, की पहिल्याच मेजवानीत बटण सुटतं ते थेट समोरच्याच्या ताटात. म्हणून मास्तर आधी विचारत, "जेवून आलात ना?" गिऱ्हाईक नाही म्हणालं, की ते त्याला सरळ घरी पाठवत.

आता गाडी. गाडी एकोणीस वर्षांची, पत्र्याच्या मोठ्या डब्यासारखी चौकोनी, चारही चाकांना जोर असलेली, आठ-नऊ माणसं पोटात घेणारी. ती डोंगर चढण्यासाठी जन्माला आली होती आणि आजवर तिने फक्त इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार चढला होता. तोही धापा टाकत. पण मास्तरांच्या डोळ्यांपुढे कायम एकच चित्र असे : शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीतला, दरवर्षी गाड्या चढवायची स्पर्धा भरते तो प्रसिद्ध चढ, आणि त्याच्या माथ्यावर उभी असलेली आपली गाडी.

त्यासाठी गाडी उंच करायला हवी होती. लांब स्प्रिंगा, जाड पाटे, मोठे टायर. म्हणजे खालचा दगड गाडीच्या पोटाला लागत नाही. पण किती उंच करायची, ते पार्किंगच्या तोंडाशी असलेला काळा-पिवळा सिमेंटचा बीम ठरवणार होता. त्याच्याहून उंच गाडी झाली, की ती तळघरात शिरणारच नाही.

"आणि ऐका," मास्तरांची बायको म्हणाली. ती इस्पितळात परिचारिका होती, आणि तिला इस्पितळातच काय, घरातसुद्धा सगळे सिस्टरच म्हणत. "अकरा वर्षं दर रविवारी मी तुमचे फक्त पाय बघतेय. बाकीचे तुम्ही गाडीखाली असता. पुढच्या रविवारच्या स्पर्धेत खाणीचा चढ चढून दाखवा, गाडी राहील. नाही चढली, तर सोमवारी दातांचे डॉक्टर येऊन घेऊन जातील. त्यांना मी शब्द दिलाय."

"दातांच्या डॉक्टरांना काय करायचीय ही गाडी?"

"त्यांच्या मुलाला अंगणात कोंबड्या पाळायच्यात. ह्यात."

मास्तरांनी गाडीच्या किल्ल्या खिशात खोल सरकवल्या.

तर सगळे खाली उतरले. सिस्टर, आजी, मुक्कामाला आलेले मामा-मामी, आणि मास्तरांची पंधरा वर्षांची लेक. तिला सगळे टाचणी म्हणत. ती दिसायला लहान, पण कुठे टोचेल याचा नेम नसे. पाचही जण जेवून तुडुंब होऊन गाडीत बसले. मास्तर स्वतः टेप धरून बाहेर उभे राहणार, म्हणून चालकाच्या जागेवर त्यांनी दुकानातलं लोखंडी शिलाई मशीन आणि दोन इस्त्र्या ठेवल्या होत्या. टाचणीने त्यांना पट्टासुद्धा बांधला.

"श्वास सोडा! सगळे श्वास सोडा!" मास्तर ओरडले आणि जमिनीपासून टपापर्यंत टेप ताणली. "सहा फूट दोन इंच. लिही गं."

टाचणीने ऑर्डरच्या वहीत नवं पान काढून लिहिलं. गिऱ्हाइकाचं नाव : गाडी. उंची : सहा फूट दोन. मग मास्तरांनी बीमचं माप घेतलं. सहा फूट साडेआठ इंच. वजाबाकी झाली. सहा इंच उंची वाढवायची, अर्धा इंच मार्जिन.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने वही पाहून कान खाजवला. "मास्तर, माणसं उतरवून माप घ्यायचं असतं. रिकाम्या गाडीचं."

"भाऊ, तू किती वर्षं गाड्या दुरुस्त करतोस?"

"बारा."

"मी तीस वर्षं मापं घेतोय. रिकाम्या पोटी घेतलेलं माप कधी खरं निघत नाही. तू नुसतं शिव... म्हणजे बसव."

मेकॅनिकने बसवलं.

शनिवारी संध्याकाळी सगळं कुटुंब गाडी आणायला गेलं. गाडी आता अशी उभी होती, जणू तिला कुणीतरी वर्गात पहिला नंबर आल्याचं सांगितलं होतं. आजींना स्टुलावर चढवून, स्टुलावरून मामांच्या हातावर आणि हातावरून आत अशी मजल-दरमजल करत बसवावं लागलं. बसल्यावर त्या खिडकीतून खाली बघत म्हणाल्या, "अगं बाई! ह्या सगळ्यांच्या टाळूवरचे केस गेलेत की. इतकी वर्षं कळलंच नव्हतं."

तळघराच्या उतारावर मास्तरांनी गाडी मुंगीच्या पावलांनी आत घातली. बीम जवळ आला. सगळ्यांनी माना आत घेतल्या, जणू टप त्यांच्याच डोक्याचा होता. आणि गाडी गेली! अर्ध्या इंचाने, पण सुळकन गेली.

"बघितलंत?" मास्तर छाती फुगवून म्हणाले. "ह्याला म्हणतात माप."

आता हुशार वाचकाच्या लक्षात आलं असेल, की आत जाताना गाडीत सहा माणसं होती, त्यात मामा होते, आणि मामा एकटे एकशे बारा किलो होते. पण मास्तर वाचक नव्हते. ते त्या रात्री शीळ घालत झोपले.

रविवारी सकाळी सातला मास्तर आणि टाचणी खाली आले. खाणीवर नऊ वाजता हजर राहायचं होतं, रस्ता तासाभराचा. सिस्टर सहालाच इस्पितळात गेली होती. मामा-मामी पहिल्या बसने गावी गेले होते, आजी अजून झोपल्या होत्या. मास्तरांनी गाडी सुरू केली, उतारावर घेतली, आणि मोठ्या रुबाबात...

"कर्रर्र!"

"बाबा! थांबा!"

मास्तरांनी गाडी मागे घेतली, उडी मारून उतरले आणि टपाकडे पाहिलं. एक चरा. मग बीमकडे पाहिलं. तो जागच्या जागी होता. मग त्यांनी टेप काढली, कारण जगातल्या कुठल्याही संकटात मास्तर आधी टेप काढत.

"साडेनऊ! सहा फूट साडेनऊ? दीड इंच वाढली रात्रीत?"

"वाढली नाही बाबा," टाचणी म्हणाली. "उपाशी आहे."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, जसा स्वस्त कापडाचा पहिल्या धुण्यात उतरतो. त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

"मास्तर, मी म्हणालो होतो," मेकॅनिक जांभई देत म्हणाला.

"ते नंतर म्हण. आत्ता काय करू? टायरातली हवा काढू?"

"हवा काढून तो उभा चढ चढलात, तर गाडी वर येईल आणि टायर खाली राहतील. वजन टाका. काल जितकं होतं तितकं."

"माणसं कुठून आणू? रविवार सकाळ! अख्खी इमारत झोपलीय."

"ते मी काय सांगू? मी गाड्या दुरुस्त करतो."

फोन बंद झाला. आणि तेवढ्यात वरून, तळमजल्यावरच्या हॉलमधून, आवाज आला, "आणि एक! आणि दोन! बेकरीवाले, भिंतीला टेकायचं नाही!"

मास्तर आणि टाचणी यांनी एकमेकांकडे पाहिलं.

वरती वजन कमी करण्याचा वर्ग चालत असे. तो चालवायच्या कोच बाई. त्या इतक्या सडपातळ, की मास्तरांच्या मते त्यांना सुईत ओवता आलं असतं. त्यांच्या वर्गात वजनकाटा नव्हता. "काटा माणसाला घाबरवतो," त्या म्हणत. "तुमचे कपडेच सांगतील तुम्ही किती कमी झालात!" आणि खरोखर सांगत! दोन-दोन महिन्यांनी सगळ्यांचे कपडे सैल व्हायचे. वर्गाचं नाव दूरवर पसरलं होतं.

हे कसं व्हायचं, ते जगात फक्त एका माणसाला माहीत होतं आणि तो आत्ता हॉलच्या दारात घाम पुसत उभा होता. वर्गातले सगळे मास्तरांचे गिऱ्हाईक. कुणी बटण लावायला पँट आणली, कुणी ड्रेसची उसवलेली बाही आणली, की मास्तर न बोलता कंबरेची शिवण अर्धा-अर्धा इंच सोडून देत. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की हसलं पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा. गिऱ्हाईक हसायचं, कोच बाईंचे आभार मानायचं, आणि आनंदाच्या भरात दोन घास जास्त खायचं.

"काय मास्तर?" कोच बाईंनी शिट्टी तोंडातून काढली. "वर्गात यायचंय?"

"नाही, म्हणजे... मला पाच जण हवे होते. थोड्या वेळासाठी. जरा..." मास्तर शब्द शोधू लागले. "जरा भक्कम. म्हणजे भारदस्त. म्हणजे ज्यांच्या व्यक्तिमत्त्वाला..."

"बाबांना वजन हवंय," टाचणी म्हणाली.

कोच बाईंचे डोळे मोठे झाले. "वजन? आमच्याकडे? आमच्याकडे वजन जातं, मिळत नाही!"

"गाडीत बसायचंय फक्त," मास्तर हात जोडून म्हणाले. "पाच मिनिटं. बीमखालून बाहेर काढेपर्यंत."

"नुसतं बसायचं?" भिंतीला टेकलेल्या बेकरीवाल्यांनी विचारलं.

"नुसतं बसायचं."

"जिने नाही चढायचे?"

"एकही नाही."

पाचही हात एकदम वर गेले. वर्गाच्या इतिहासात इतक्या चपळाईने हात वर गेल्याची नोंद नव्हती.

पाच जण असे : बँकेतल्या कॅशियर बाई, ज्यांच्यासमोर मॅनेजरसुद्धा रांगेत उभे राहत, बेकरीवाले, दोघी जुळ्या बहिणी, ज्या सगळं मिळून करत, अगदी खाणंसुद्धा, आणि निवृत्त हेडसर. स्टुलावरून चढता चढता निम्मा व्यायाम तिथेच झाला. कॅशियर बाई पुढे, बेकरीवाले आणि जुळ्या मधल्या रांगेत, हेडसर मागे. एकेक जण बसत गेला तशी गाडी "हुश्श" करत खाली गेली. कोच बाई बाहेर शिट्टी घेऊन उभ्या राहिल्या, आणि टाचणी बीमजवळ स्टुलावर टेप घेऊन चढली.

"चला हळूहळू," मास्तर म्हणाले आणि गाडी चढावर निघाली. टप बीमखाली सरकू लागला.

"बाबा, मस्त!" टाचणी आनंदाने ओरडली. "दीड इंच जागा आहे! काल मामा होते तरी अर्धाच इंच होती!"

मास्तरांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. टाचणी टोचली होती.

कॅशियर बाईंनी मान वळवली. "थांबवा गाडी."

"आत्ता? बीमखाली?"

"थांबवा म्हणते ना."

मास्तरांनी हँडब्रेक ओढला. बँकेत असंच होत असणार.

"मला हिशेब समजावून सांगा. काल गाडीत किती माणसं होती?"

"सहा," मास्तर पुटपुटले.

"आज?"

"सहा."

"काल तुमचे मेहुणे होते. ते मी पाहिलेत. ते लिफ्टमध्ये आले की बाकीचे जिन्याने जातात. तरी गाडी आज कालच्यापेक्षा इंचभर जास्त बसली. म्हणजे आम्ही..." कॅशियर बाई थांबल्या. "आम्ही तर आठ महिने वर्गाला जातोय. माझी पँट सैल झाली. ह्यांची झाली. सगळ्यांची झाली. मग गाडी खोटं बोलते, की पँट?"

"पँट खोटं बोलणार नाही," हेडसर मागून म्हणाले. "पँटला तसं काही कारण नाही."

मास्तरांनी आरशात पाहिलं तर आरसाभर डोळे होते, आणि ते सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"मास्तर," बेकरीवाले अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या पँटला तुम्ही दिवाणखान्याच्या पडद्याएवढी शिवण का ठेवता, हे मी एकदा विचारलं होतं."

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. स्प्रिंगा मऊ पडल्या म्हणायचं, रात्रीच्या गारव्याने लोखंड आक्रसलं म्हणायचं. पण टेपेच्या माणसाला मापाबद्दल खोटं एकदाच बोलता येतं, आणि ते त्यांनी आठ महिने बोलून संपवलं होतं.

"अर्धा अर्धा इंच," ते म्हणाले. "दर खेपेला. मला वाटलं, तुम्ही खूश होताय तर..."

"दर खेपेला!" एक जुळी किंचाळली.

"अर्धा इंच!" दुसरी किंचाळली.

"उतरा!" बेकरीवाले गरजले. "माझं वजन मी असं फसवून वापरू देणार नाही!" आणि मास्तर "नको, नको, नको" म्हणेपर्यंत मधल्या रांगेतले तिघेही दार उघडून धडाधडा खाली उतरले.

गाडीने सुटकेचा श्वास घेतला. गाडी वर आली. टप बीमला असा जाऊन भिडला, जसं बाटलीला बूच.

"बाबा," टाचणी स्टुलावरून म्हणाली, "आता टेप आत जात नाही."

मास्तरांनी गिअर टाकून पाहिला. बीम कण्हला. गाडी पुढेही जाईना, मागेही येईना. घड्याळात पावणेआठ झाले होते. मास्तरांना लांबवर कोंबड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. त्यातली एक त्यांच्या सीटवर अंडं घालत होती.

"बसा ना परत," ते खिडकीतून डोकं काढून काकुळतीने म्हणाले. "पाया पडतो. पाया पडता येत नाही, उतरलो तर अजून वर जाईल. पण पडलो असं समजा."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," बेकरीवाले हाताची घडी घालून म्हणाले.

"कसलं तत्त्व?" पुढच्या सीटवरून कॅशियर बाई कडाडल्या. त्या उतरल्या नव्हत्या. "आम्हाला मास्तरांनी फसवलं, मान्य. आणि वर्गाबाहेर रोज टेबल मांडून 'व्यायामानंतरचा खास केक' कोण विकतं? मुकाट्याने बसा! तुमच्या केकचं वजन तुम्हीच उचलायचं!"

बेकरीवाले बसले. बेकरीवाले बसले म्हणून जुळ्या बसल्या. गाडी पुन्हा खाली गेली, बीम आणि टप यांच्यात फट दिसू लागली, आणि मास्तरांनी ती फट बंद व्हायच्या आत गाडी अशी बाहेर काढली, की बाहेरच्या उन्हाने डोळेच दिपले.

"या आता खाली," मास्तर खालमानेने म्हणाले. "फार उपकार झाले."

कुणी हललं नाही.

"मला माझं खरं माप हवं," कॅशियर बाई म्हणाल्या. "आत्ता."

"मलाही," हेडसर म्हणाले.

"आम्हालाही!" जुळ्या म्हणाल्या.

"मला नऊला खाणीवर पोचायचंय हो! आठ वाजले!"

"मग चालवता चालवता सांगा."

टाचणी स्टूल घेऊन मागे चढली. कोच बाईही चढल्या. "माझे विद्यार्थी जिथे जातील, तिथे मी," त्या म्हणाल्या, पण आवाजात पूर्वीची शिट्टी नव्हती.

अशा रीतीने आठ माणसांनी भरलेली गाडी शहराबाहेर निघाली आणि वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला मास्तर एकेकाचा निकाल जाहीर करत गेले.

"बेचाळीस."

"मला छत्तीस सांगितलं होतंत!" बेकरीवाले ओरडले.

"छत्तीस माझ्या तोंडात होतं. टेपेवर बेचाळीसच होतं."

"आणि माझं?"

"हेडसर, तुमचं... पुढच्या सिग्नलला सांगतो. हा छोटा सिग्नल आहे."

शेजारच्या दुचाकीवरचा माणूस हे सगळं कान टवकारून ऐकत होता. हिरवा दिवा लागला तरी तो हलला नाही. त्याने नकळत पोट आत घेतलं होतं.

नऊला दोन मिनिटं कमी असताना गाडी खाणीवर पोचली. समोर तो चढ उभा होता, खडीने भरलेला, सरळ आभाळात शिरलेला. हातात यादी घेतलेले पंच पुढे आले, गाडीतून माणसं उतरताना मोजू लागले आणि सातव्या माणसानंतर त्यांनी मोजणं सोडून दिलं.

"चढावर गाडीत प्रवासी दोनच," ते म्हणाले. "प्रयत्न तीन. तिसऱ्यात नाही चढली, तर पुढच्या वर्षी या."

पुढचं वर्ष! पुढच्या वर्षी ह्या गाडीत पिल्लं झाली असती.

मास्तर आणि टाचणी पट्टे बांधून बसले. पहिला प्रयत्न. गाडी तोऱ्यात निघाली, आणि दहा पावलांवर मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरू लागली. खडी उडाली, धूळ उडाली, गाडी तिथेच. दुसरा प्रयत्न. ह्या वेळी मास्तरांनी लांबून वेग घेतला. गाडी निम्म्यापर्यंत गेली, थबकली, आणि एखाद्या लाजऱ्या पाहुण्यासारखी मागे मागे सरकत खाली आली.

"मागे वजनच नाही हो," पंच चाकाकडे बघत म्हणाले. "इतक्या मोकळ्या गाडीची चाकं जमीन धरतील कशी? बाकीचे लोक मागे वाळूची पोती टाकून आणतात."

"इथे वाळू आहे?"

"ही दगडाची खाण आहे."

"मग दगड टाकतो!"

"सुटे दगड चढावर घरंगळून तुमच्याच डोक्यात येतील. वजन कसं हवं? घट्ट बसलेलं. पट्टा बांधता येईल असं. जागचं न हलणारं."

मास्तर आणि टाचणी, दोघांनीही हळूच मान वळवून खडकाच्या सावलीत उभ्या असलेल्या पाच जणांकडे पाहिलं. पाच जणांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"छे," पंच म्हणाले. "प्रवासी दोनच. नियम म्हणजे नियम."

एक वाक्य होतं. ते बोललं तर गाडी वाचली असती. पण ते बोलल्यावर ह्या पाच जणांपैकी एकही जण जन्मात दुकानाची पायरी चढला नसता. इतकी वर्षं त्यांनी हेच वाक्य कुणाच्याही तोंडावर बोलायचं टाळलं होतं, त्यासाठी शिवणी सोडल्या होत्या. त्यांनी टेप हातात घट्ट धरली.

"साहेब," ते म्हणाले, "हे प्रवासी नाहीत." आणि डोळे मिटून पुढचं म्हणाले, "हे वजन आहे."

बेकरीवाल्यांची एक भुवई वर गेली आणि वरच राहिली. जुळ्यांनी एकमेकींचे हात धरले. मास्तर डोळे उघडायला तयार नव्हते.

मग खडीवर करकर पावलं वाजली. कॅशियर बाई सावलीतून बाहेर आल्या, पंचांसमोर उभ्या राहिल्या आणि बँकेत चुकीची स्लिप परत करतात त्या आवाजात म्हणाल्या, "बरोबर बोलले ते. आम्ही वजन आहोत. घट्ट बसतो, पट्टा बांधतो, जागचे हलत नाही. आठ महिन्यांत हललो नाही, आता काय हलणार? लिहा तुमच्या कागदावर."

पंचांनी कागदाकडे पाहिलं, कॅशियर बाईंकडे पाहिलं, आणि निमूटपणे लिहिलं : वजन, पाच नग.

"चला रे!" बेकरीवाले बाह्या सरसावत ओरडले. "मी अगदी मागे बसतो. चाकाच्या बरोब्बर वर!"

"चाकावर आम्ही!" जुळ्या धावल्या. होय, धावल्या. हेडसरांनी कुणी कुठे बसायचं त्याची वर्गासारखी रांग लावली आणि टाचणी स्टूल घेऊन प्रत्येकाला चढवू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच तिथे जो तो आपण शेजाऱ्यापेक्षा जास्त भरतो हे पटवून देत होता.

"मास्तर, माझं बेचाळीस नाही, चव्वेचाळीस धरा! सकाळी नाश्ता झालाय!"

कोच बाईही पायरीवर पाय ठेवून चढू लागल्या, तेव्हा कॅशियर बाईंनी आतून प्रेमाने हात आडवा केला.

"तुम्ही राहू द्या, बाई. तुमचा काही उपयोग नाही."

दार बंद झालं. तिसरा प्रयत्न. गाडी मागे बसली, चाकांनी खडीत दात रोवले, आणि ती एकोणीस वर्षांची म्हातारी गुरगुरत, डुलत, पण एकदाही न घसरता चढू लागली. आतून "हेऽऽ" असा आवाज येत होता आणि त्यात सर्वांत मोठा आवाज हेडसरांचा होता. बघता बघता ती माथ्यावर जाऊन उभी राहिली, सगळं आभाळ पाठीशी घेऊन.

मास्तर स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले की हसले, ते कळलं नाही. टाचणीने फोटो काढून सिस्टरला पाठवला. लगेच उत्तर आलं : "गाडी राहू दे. डॉक्टरांना कळवते. पण आतल्या सगळ्यांना म्हणावं, खाली उतरल्यावर बीपी तपासून घ्या."

"मास्तर," कॅशियर बाई वरून दूरवर बघत म्हणाल्या, "उद्या दुकानात येते. जेवून येते. खरं माप घ्या."

खाली, चढाच्या पायथ्याशी, कोच बाई एकट्याच उभ्या होत्या. त्यांनी वर बघून हात हलवला. वरून कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली, थोडा वेळ पायाने खडी उडवली, मग इकडेतिकडे बघून पंचांच्या जवळ सरकल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं,

"इथे जवळपास खायला काय मिळतं हो?"